बारा तपकिरींची डबी

आमच्या पार्लरच्या पाटीवर नवरीचा फोटो आहे. नथ, शालू, पापण्यांवर सोनेरी रंग, सगळं झगझगीत. पण वर्षात लग्नाच्या तिथी किती आणि त्यातल्या आमच्या वाट्याला येणाऱ्या किती. एरवी आमचं काम चालतं ते एका चपट्या डबीवर. त्या डबीत डोळ्यांना लावायचे बारा रंग आहेत आणि बाराही तपकिरी. पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाटलं, दुकानदारानं आमच्या कुंदाताईंना फसवलं. एकच रंग बारा वेळा दिला.

हे लिहायला सांगणाऱ्या बाई आमच्याच गिऱ्हाईक. त्यांच्या भुवया करत होते, तेव्हा त्यांनी दिवाळी अंकाचा विषय काढला. मी म्हटलं, "बाई, माझी शाळा आठवीत सुटली." त्या म्हणाल्या, "कपाळावर दोरा आहे तोवर मी वाद घालत नाही. झालं की घालते." झाल्यावर त्यांनी घातला आणि मी हरले. आता लिहायला बसले आहे तर भीती अशी, की हे वाचून कोणी गिऱ्हाईक तुटेल. म्हणून नावं बदलली आहेत. कुंदाताईंचं बदललं नाही, कारण त्यांनी बदलू दिलं नाही.

मी मूळची चंदगड तालुक्यातली. तिथून वर्धा म्हणजे दोन गाड्या, एक रात्र आणि वर अर्धा दिवस. बहिणीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी आले होते. बाळ रांगायला लागलं, दाजींची बदली झाली, ते सगळे परत गेले आणि मी बोरगाव मेघेला कुंदाताईंच्या पार्लरमागच्या खोलीत राहिले. झालं असं, की बहिणीसोबत तिथं एकदा गेले असताना मला रिकामं बसवत नाही म्हणून मी खाली पडलेले केस झाडून काढले होते. कुंदाताई म्हणाल्या, "पोरी, कोनं सांगतलं तुले झाडाले?" मी घाबरून केरसुणी खाली ठेवली. मला वाटलं रागावल्या. त्यांना मात्र मदतीला मुलगी हवी होती. त्या दिवशी मी झाडलं नसतं तर आज कुठं असते, हा विचार मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी करते आणि मग जाऊन गॅसचं बटण बंद आहे ना ते पाहून येते.

डबीवर प्रत्येक रंगाखाली इंग्रजीत नाव आहे. मला अक्षरं लागतात, पण अर्थ लागत नव्हता. कुंदाताईंना विचारायची लाज वाटायची. म्हणून मीच नावं ठेवली. सगळ्यात फिका तो पीठ. त्याच्यानंतरचा वरण. मग गूळ, मग चिंच आणि शेवटचा काळपट तो तवा. मधल्या रंगांना मधली नावं. दोन रंग चमकणारे होते, त्यांना मी पाहुणे म्हणत असे, कारण ते रोजच्या कामाचे नाहीत. इकडच्या उन्हात चमकणारा रंग पापणीवर लावला तर लोकांना वाटतं बाईला घाम फुटला आहे.

पुढे एकदा एका गिऱ्हाईकासमोर तोंडून निघून गेलं, "यांना गूळ लावते." ती बाई दचकून उठून बसली. पण महिन्याभरात सगळ्याच म्हणायला लागल्या, "मले आज चिंच नको बाप्पा, नुसता गूळ लाव." कुंदाताईंनी तर पुरवठादाराला फोनवर सांगितलं, "वरण संपलं, पाठवजो." तो बिचारा म्हणाला, "ताई, राँग नंबर."

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजचा डोळा करायला पाच मिनिटं लागतात. फिका रंग सगळ्या पापणीवर. डोळा उघडल्यावर वर जी खोबण पडते तिच्यात मधला. पापणीच्या केसांच्या मुळाशी अगदी बारीक गडद. एवढंच. खरं काम पुढचं आहे. एक रंग कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते दिसता कामा नये. त्यासाठी कोरडा, फुललेला ब्रश घेऊन कड पुसत राहायचं. कुंदाताईंनी मला पहिले दोन महिने फक्त कड पुसायला लावली. रंग लावू दिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "लावाले कोनालेबी येते, शालन."

याची गंमत अशी, की काम जमलं तर ते दिसत नाही. एक मुख्याध्यापिका दर सोमवारी येत. पाच मिनिटं डोळे, दोन मिनिटं भुवया. मग शाळेत जाऊन वर्गातल्या मुलींना सांगत, की तोंडाला रंग फासणं सोडा, माझ्याकडे पाहा. मुली पाहत असत. त्यातल्याच एकीनं दहावी झाल्यावर येऊन मला सांगितलं, "मले आमच्या मोठ्या बाईसारखे डोळे पायजेत. त्यांचे जन्मापासून तसेच हायत."

उलटं काम सांगणारीही एक आली. तिला इलेक्शनची ड्युटी नको होती. म्हणाली, "मले बिमार कर." मी नाही म्हटलं. ती रडवेली झाली. मग मला नाही म्हणता येईना, हा माझा जुना आजार. डोळ्यांखाली चिंच, गालाच्या खळग्यात तव्याची सावली, ओठांवर पीठ. आरशात बघून तीच म्हणाली, "अव माय, मी तं चालली." साहेबांनी तिला पाहिलं आणि अर्ज वाचायच्या आधी गाडी बोलावून दवाखान्यात धाडलं. तिथं दोन बाटल्या सलाइन लागलं. तिसऱ्या दिवशी ती आमच्या दारात.

"येवढं चांगलं कायले केलं?" ती म्हणाली.

"आणि ड्युटी?"

"थे तं लागलीच. बिमारीतून बरी झाली म्हणून."

या सगळ्या सांगायला सोप्या गोष्टी. ज्या एका कामाचं मनावर अजून ओझं आहे ते पल्लवीचं.

पल्लवी आंजीची, मोठ्या आंजीची. घरचा भाजीपाला, वांगी, पालक, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बाप आणि भाऊ मळ्यात, आई बाजाराला. ही बी.ए. झालेली आणि वर्ध्यात एका दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसणारी. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. तिच्या डाव्या पापणीवर पांढरा डाग होता. कोड. चिंचोक्याएवढा, पापणीच्या मधोमध आणि खालच्या कडेला थोडा उतरलेला. बाकी अंगावर कुठंही नाही. डॉक्टर म्हणत, वाढत नाही, लागत नाही, काही त्रास नाही. त्रास टेबलापुढच्या लोकांचा. नंबर घेता घेता विचारायचे, "डाक्टरच्या इथंच बसते तं हे बरं नाई होत काय?"

तिला रोजचा डोळा शिकायचा होता, स्वतःच्या हातानं. मी शिकवला. कोडावर नुसता रंग लावून भागत नाही. पांढरं खालून वर येतं. आधी कातडीच्या रंगाचं जाडसर मलम बोटानं थोपटायचं, घासायचं नाही. त्यावर पीठ, त्यावर वरण. मग उजव्या डोळ्यालाही तेवढंच, नाहीतर दोन डोळे दोन बहिणींचे दिसतात. आणि दिवसभर डोळ्याला हात लावायचा नाही. घाम आला तर टिपायचा, पुसायचा नाही. तिचा हात इतका स्थिर, की तिसऱ्या दिवशी मी मागं उभी राहून नुसती बघत होते. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम चालू असलं की ती स्टुलावर बसून तेही बघायची. काय कशावर बसतं, कशाखाली काय लावतात, सगळं विचारायची. आठ दिवसांत टेबलापुढचे प्रश्न थांबले. ती पेढे घेऊन आली. मी जितकी खूश, तितकीच घाबरलेली, कारण पेढा तोंडात असतानाच तिनं विचारलं होतं, "ताई, लग्न झाल्यावर कधी लावाचं? सासू उठाच्या आंधी?"

तिची आई शोभाबाई शेजारी होती. ती म्हणाली, "पयले लग्न तं होऊ दे."

"आन झोपताना?" पल्लवी म्हणाली.

याचं उत्तर कुठल्याच कोर्समध्ये नाही. मी म्हटलं, "पेढे छान आहेत."

मार्चमध्ये तिला बघायला येणार असं ठरलं. आधी दोन ठिकाणी डाग पाहून नकार आला होता, म्हणून शोभाबाईंनी या वेळी पक्कं केलं होतं. या लोकांना दिसू द्यायचं नाही. मुलाकडच्यांचाही निरोप आला होता, की मुलगी घरात, अर्ध्या उजेडात नाही, अंगणात पाहू. कुठंतरी फसले असतील किंवा कोणीतरी शिकवलं असेल. शोभाबाई आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या. "उन्हात टिकते ना हो?" मी म्हटलं टिकतं. चमक नसली की उन्हातही टिकतं. कामापुरतं बोलले. त्यापुढं बोलायला हवं होतं का, ते तेव्हा मनात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. मी ते पुसलं.

रविवारी सकाळी पल्लवी घरीच स्वतः करणार होती. मी पार्लर उघडून बसले होते. साडेनऊला मागच्या दारावर टकटक झाली. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मंदाबाई. भुवयांसाठी यायच्या. त्यांची शेती गावाकडे, स्वतः बऱ्याच वर्षांपासून बोरगावला. मागं त्यांचा मुलगा निलेश, सहा फूट उंच, मान खाली.

"हे लेडीज पार्लर हाय, मले मालूम हाय," मंदाबाई म्हणाल्या. "म्हणूनच मांगून आलो."

निलेश एका कारखान्यात कायमच्या रात्रपाळीला. डोळ्यांखाली काळं असं, की कोणी बुक्की मारली असावी. मंदाबाईंची काळजी वेगळी होती. "आमी पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. थे लोक म्हनतील, पोट्टा पिते. एका ठिकाणी म्हनलेबी. पोट्टा सुपारीसुद्धा खात नाई."

"आई," निलेश म्हणाला.

"तू चूप बस. यांचं काम हाय हे."

पुरुषाच्या तोंडाला मी त्याआधी ब्रश लावला नव्हता. कुंदाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चामडं तं सारखंच असते." मी निलेशला खुर्चीत बसवलं. काळ्यावर नुसतं गोरं लावलं तर राखेसारखं दिसतं. आधी नारिंगी झाक लागते, मग वर पीठ, मग कडेला किंचित गूळ, म्हणजे खळगा भरल्यासारखा वाटतो. मी डाव्या डोळ्याखाली थोपटत होते आणि मंदाबाई मागून बोलत होत्या.

"आंजीची पोट्टी हाय. इथं दवाखान्यात बसते. तुमच्याकडं येते म्हने. कशी हाय हो?"

माझा हात थांबला. खुर्चीतल्या निलेशनं डोळे उघडले. कुंदाताई कपाटात काहीतरी शोधायला लागल्या, जे त्या कपाटात कधीच नव्हतं.

मला एकाच वेळी तीन गोष्टी दिसल्या. पल्लवी आत्ता आरशासमोर बसली असेल. मी खरं सांगितलं तर हे लोक निघणारच नाहीत आणि शोभाबाईंनी अंगण सारवून ठेवलं असेल. नाही सांगितलं आणि उद्या कळलं, तर गल्लीच्या टोकाला राहणारी बाई कुंदाताईंच्या दारात येऊन जे बोलेल त्याच्यानंतर या पार्लरची पाटी राहील, पण माझी खोली राहील की नाही, ते सांगता येत नव्हतं. आणि परत गावी जाऊन मी काय सांगणार होते, की एका पापणीपायी आले?

मी म्हटलं, "कामाला फार चांगली आहे. हात स्थिर आहे तिचा."

"हात पाहाले थोडीच चाललो आमी," मंदाबाई म्हणाल्या. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. निलेशनं आरशात पाहिलं आणि म्हणाला, "झोप झाल्यासारखं वाटून राह्यलं." ते गेले. कुंदाताईंनी कपाट बंद केलं.

"मी सांगायला हवं होतं का, ताई?"

"कोनाचं सांगणार होती? तिचं त्याले, का त्याचं तिले?" त्या म्हणाल्या. "आपण रंग लावतो, शालन. लग्न नाई लावत."

वाक्य चांगलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा उघडला नाही, हे मी पाहिलं.

माझी चूक मला दुपारी कळली. भांडी घासताना. पल्लवीला मी दहा वेळा सांगितलं होतं, टिपायचं, पुसायचं नाही. निलेशला एकदाही सांगितलं नव्हतं. सुचलंच नाही. बाई घाम टिपते, पुरुष घाम पुसतो. खिशातून रुमाल काढतो आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत असा ओढतो, की जणू फळा पुसतोय. मार्चमधलं ऊन, अंगणातला कार्यक्रम आणि सहा फुटांचा माणूस. मी हातातलं पातेलं तसंच ठेवून देवापुढं उदबत्ती लावली. कोणत्या बाजूनं मागायचं ते कळेना, म्हणून नुसतीच लावली.

सोमवारी दवाखान्यात जायच्या आधी पल्लवी आली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डाग उघडा होता. मला वाटलं संपलं.

ती स्टुलावर बसली आणि सगळं सांगायला लागली. अंगणात सगळ्यांनी पाहिलं. मंदाबाईंनी तिला उन्हाकडं तोंड करायला लावलं, पाहिलं, पसंत केलं. शोभाबाईंनी निलेशला पाहिलं, पसंत केलं. मग मोठ्यांनी दोघांना बोलायला मळ्याकडं पाठवलं. वांग्यांच्या वाफ्याजवळ. दोघांनी आधी वांगीच पाहिली. निलेशला घाम आला. त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला आणि पुसलं.

"रुमालावर नारिंगी, वरतं पीठ," पल्लवी म्हणाली. "मी इचारलं, बोरगावच्या पार्लरातून आले काय?"

"मग?"

"मंग काय. त्याचं तोंडच उतरलं. म्हने, मी पीत नाई, रात्रपाळी हाय. दोनदा म्हने."

ती हसली असं म्हणाली. मग तिला त्याची दया आली की स्वतःचा राग, ते तिलाही नीट सांगता येईना. बाजूला पाण्याची टाकी होती. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि डावा डोळा धुतला. नीट, रगडून धुतला. मग त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"तो काय म्हणाला?"

"म्हने, दुखते काय?"

"मग तू?"

"मी म्हनलं, नाई. थो म्हने, मंग ठीक हाय. अन् त्यानंबी तोंड धुतलं."

दोघं तसेच, धुतल्या तोंडानं अंगणात आले. आणि इथं मला वाटतं देवानं माझी ती बिनमागणीची उदबत्ती घेतली असावी. शोभाबाईंनी निलेशच्या डोळ्यांखाली पाहिलं. मंदाबाईंनी पल्लवीच्या पापणीकडं पाहिलं. दोघींनाही ओरडायचं होतं. पण दोघींचंही स्वतःचं लेकरू उघडं पडलेलं. जिनं आधी तोंड उघडलं असतं तिला आधी ऐकावं लागलं असतं. शेवटी पल्लवीचे वडील म्हणाले, "चहा ठेवा ना कोनी."

गुरुवारी मंदाबाई पुढच्या दारानं आल्या. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, तरी थांबल्या नाहीत.

"तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

मी हातातला ब्रश धरूनच उभी होते. माझं बोलणं इकडच्यांना तसंही भांडल्यासारखं वाटतं, म्हणून मी शक्य तितकं हळू म्हटलं, "ताई, मी तुमचंही त्यांना नाही सांगितलं."

मंदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईकडं. ती बाई मन लावून छताकडं बघत होती. कुंदाताईंनी स्टूल पुढं केलं. "बस मंदा. चहा घेशीन?"

चहा अर्धा झाल्यावर मंदाबाई खऱ्या मुद्द्यावर आल्या. निलेश दुसरी मुलगी पाहायलाच तयार नव्हता. "थो म्हने, हेच. येवढा बोलत नाई कधी, अन् आता बोलला तं हे." कपातलं उरलेलं त्यांनी एका घोटात संपवलं. "ठीक हाय. करतो आमी. पण लग्नात झाकजा. सारे पाव्हणे येतीन. आष्टीहून माही सासू येईन. थिच्या डोयाले दिसलं तं मले जनमभर ऐकवीन. घरी मंग काय हाय थे आमचं आमी पाहू."

मी हो म्हटलं. हो म्हणणं मला नेहमीच सोपं जातं.

लग्न आंजीलाच, मेच्या सुरुवातीला. मी पहाटेच्या गाडीनं गेले. पेटी मांडली, मलम काढलं, पीठ, वरण, गूळ. नवरीचा डोळा रोजच्यासारखा करून चालत नाही, म्हणून त्या दिवशी ते दोन पाहुणेही काढले होते. पल्लवी समोर बसली. शोभाबाई दारात उभ्या. मी बोटावर मलम घेतलं.

"ताई," पल्लवी म्हणाली, "उजवा करा. डाव्याले हात नका लावू."

शोभाबाई म्हणाल्या, "पल्लवी, शब्द देल्ला हाय आपण."

"तुवा देल्ला, आई. मी नाई देल्ला." मग ती माझ्याकडं वळली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "आज झाकलं तं उद्याबी झाकाच लागन. परवाबी. थे पाव्हणे सणावाराले येतच राहणार. मी किती वर्षं सासूच्या आंधी उठू, सांगा ना ताई."

मागच्या वेळी मी पेढ्यांचं कौतुक करून सुटले होते. या वेळी पेढे नव्हते.

बोटावरचं मलम वाळायला लागलं होतं. मला मंदाबाई आठवल्या, कुंदाताईंचं पार्लर आठवलं, माझी मागची खोली आठवली. जी आपल्याकडं चहा पिऊन गेली तिला दिलेला शब्द मोडायचा आणि तोही दुसऱ्याच्या लग्नात, हे माझ्यासारखीला झेपणारं नाही. मी खूप वेळ घेतला असं पल्लवी नंतर म्हणाली. मला वाटतं फार तर एक मिनिट. मग मी मलम माझ्याच मनगटाला पुसलं आणि उजव्या डोळ्याला सुरुवात केली.

रंग लावणं सोपं. न लावता सोडणं, आणि तेही असं की बाकीचा चेहरा त्याच्याशी भांडणार नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. चमक काढून टाकली. उजव्या डोळ्यावर फक्त पीठ आणि गूळ, आणि कड पुसत पुसत इतकी पातळ केली, की दोन्ही डोळे एकाच घरचे वाटावेत. डाव्याला फक्त काजळ, डागाच्या खालून. नवरीला साजेल इतकं कुंकू. आरशात बघून शोभाबाई बाहेर गेल्या. रडल्या असतील. मी विचारलं नाही.

मांडवात मी मागच्या खांबाशी उभी राहिले. पळायला सोपं पडावं म्हणून. मंदाबाईंनी नवरीला येताना पाहिलं. मग वळून गर्दीत मला शोधलं. ती नजर मी इथं लिहीत नाही. निलेशनं आठ दिवस सुट्टी काढून नुसती झोप घेतली होती, त्याच्या डोळ्यांखाली काहीच उरलं नव्हतं. त्यानं पल्लवीकडं पाहिलं आणि तेवढ्या गर्दीत, अंतरपाट धरायच्या आधी, तो हसला. हे मी पाहिलं, कारण मला तिकडंच बघणं सुरक्षित वाटत होतं.

अक्षता पडल्या. नवरी सगळ्यांच्या पाया पडायला लागली आणि आष्टीच्या आजींपाशी आली. आजी खुर्चीत बसलेल्या, नऊवारी, हातात काठी. त्यांनी पल्लवीची हनुवटी धरून तोंड वर केलं. बारीक डोळे करून पाहिलं.

"पावडर राह्यली वाटते," त्या म्हणाल्या. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि पापणीवर घासलं. एकदा घासलं. दुसऱ्यांदा जरा जोरात. मंदाबाई दोन पावलांवर उभ्या होत्या, त्यांचा हात नुसता हवेत राहिला.

"नाई निघत, आजी," पल्लवी म्हणाली. "थे माह्यं हाय."

आजींनी पदर खाली घेतला. पुन्हा पाहिलं. मग निलेशकडं पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"हाव."

"अन् तुले, मंदा?"

मंदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, का ते मला अजून कळलेलं नाही. मग सासूला म्हणाल्या, "हाव, मामी. मले बी."

"मंग मलेच काऊन नाई सांगतलं?" आजी म्हणाल्या. पदर खांद्यावर टाकला, पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काठीनं सरळ माझ्याकडं खूण केली. "अन् थे कोन? थे पार्लरवाली? ये वं इकडं."

खांबापासून खुर्चीपर्यंत वीस पावलं असतील. मी गेले.

"दूरची दिसते तू. बोलण्यावरून सांगतलं मले कोनीतरी."

"हो, आजी. चंदगडची. कोल्हापूरकडची."

"येवढ्या दूरून आली. पेटी घेऊन आली. अन् पोरीचा डोया तं हाय तसाच हाय." आजी माझ्याकडं बघत होत्या, आजूबाजूच्या दहा बायका बघत होत्या, मंदाबाईही बघत होत्या. "मंग तुवा केलं काय सकाळपासून?"

"उजवा डोळा, आजी."

आजींनी पल्लवीची हनुवटी पुन्हा धरली आणि तोंड या बाजूला वळवून उजवा डोळा बराच वेळ पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवून जाजो."

पहिल्या पंगतीला वरमाय असूनही मंदाबाई स्वतः वाढत होत्या. माझ्या पानापाशी आल्या आणि मी नको नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वरण घालून पुढं गेल्या.